चौथ्या माणसाचे सेकंद

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज आमची वाट लागली, आणि तीही जाहीर. म्हणून ही डायरी. माझ्या बायकोला, दीप्तीला, बँकेतून दरवर्षी मिळते आणि कोरीच रद्दीत जाते. यंदा मी हिच्यात माझी बाजू लिहून ठेवणार आहे, म्हणजे उद्या कोणी काही म्हणालं तर पुरावा असेल.

पुराव्यात नाव-गाव लागतं. मी मुकुल प्रधान, वय एकोणचाळीस, मुलुंड पूर्व. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, रबराचे वायसर बनवणाऱ्या गाळ्याच्या वर, आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही 'रणधूळ' नावाचा टँकचा व्हिडिओ गेम बनवतो. चित्रं सुयोग काढतो, प्रोग्रॅम गार्गी लिहिते, नंदकिशोर मालक आहे म्हणून तो काळजी करतो. मी सेकंद ठरवतो. एक गोळा डागल्यावर दुसरा तोफेत भरायला किती वेळ लागावा, हे कोणीतरी ठरवावंच लागतं ना. ते मी ठरवतो.

आमच्याकडे दोन तऱ्हेचे टँक आहेत. एकात गोळे भरणारं यंत्र असतं, ऑटोलोडर. त्यात माणसं तीन: कमांडर, गनर आणि ड्रायव्हर. दुसऱ्यात यंत्र नाही, तिथे चौथा माणूस असतो. तो लोडर. तो हातानं गोळे भरतो. यंत्राला मी सात सेकंद दिलेत, माणसाला पाच. तीन महिने लोक सुखानं खेळत होते. आज 'बुर्ज९९' नावाच्या कोणा दीडशहाण्यानं इंटरनेटवर आमच्यावर चार पानी निबंध लिहिला. म्हणे खऱ्या यंत्रात गोळे गोल चकरीत मांडलेले असतात. हवा तो गोळा जवळ असला तर पटकन येतो, पलीकडे असला तर चकरी फिरेपर्यंत थांबावं लागतं. चकरीतले बावीस गोळे संपले की मग बसा हातानं भरत. तुमचं यंत्र मात्र कायम सात सेकंद, नवंकोरं असतानाही आणि अर्धं जळाल्यावरही. आणि तुमचा लोडर दोन-दोन तास वीस किलोचा गोळा दर पाच सेकंदांनी उचलतो, तो माणूस आहे की पंखा?

नंदकिशोरनं विचारलं, सात आकडा कुठून आणलास. मी म्हणालो, संशोधन. खरं इथे लिहितो. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तळमजल्यावरून पहिल्यावर यायला सात सेकंद घेते. तीही यंत्र आहे, वजन उचलते, मला पटलं. माणसाला पाच दिले, नाहीतर त्याला टँकात घेणार कोण?

सिंगापूरची एक कंपनी आमचा गेम जगभर काढायला तयार आहे. एकतीस तारखेला त्यांना दाखवायचाय. नंदकिशोर म्हणाला, तोवर खरेपणा आला नाही तर सेकंद ठरवायला स्वतंत्र माणूस कशाला, असं ते विचारतील. हे तो हसत म्हणाला. मला ते हसणं आवडलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

खरेपणाचा पहिला प्रयोग. वीस किलोचा गोळा आणायचा कुठून? मग डोक्यात आलं, कूलरवरचा पाण्याचा जार वीस लिटरचा असतो. जमिनीवरून उचलायचा, उलटा करायचा, कूलरच्या तोंडात बसवायचा, की झालं एक लोडिंग.

सुयोग व्यायामशाळेत जातो म्हणून त्याला लोडर केला. पहिला जार नऊ सेकंद. दुसरा चौदा. तिसरा बसला, पण त्याच्याबरोबर कूलरही एक पाऊल मागे सरकला. चौथ्याला फरशी ओली झालेली, सुयोग घसरला आणि जार त्याच्या मांडीवर आला. पाचव्याला तो उठलाच नाही. आडवा पडून म्हणाला, शत्रूला वर बोलवा, मी शरण आलोय. मी तक्त्यात पाचव्या गोळ्यासमोर रेघ मारली. खालचे वायसरवाले येऊन पाणी कुठून गळतंय ते बघून गेले.

तेवढ्यात पाणीवाला अंबादास रिकामे जार न्यायला आला. पन्नाशीचा माणूस, गालात तंबाखू, खांद्यानं फोन कानाला दाबलेला. बायकोशी बोलता बोलता त्यानं जार उचलला आणि बसवला. चार सेकंद. मी त्याला पुन्हा करायला लावलं, पुन्हा चार. आठ वेळा चार. नवव्या वेळी त्यानं फोन ठेवला आणि विचारलं की साहेब, इथे एवढी तहान लागलीय कोणाला.

म्हणजे मुरलेला माणूस यंत्राला भारी आहे, हे सिद्ध झालं. गार्गी म्हणाली, पण टँक खड्ड्यांतून उड्या मारत जात असतो. अंबादासला मी हलत्या जमिनीवर जार बसवशील का असं विचारलं, तर तो कपाळाला हात लावून निघून गेला.

शुक्रवार, १० जानेवारी

दीप्ती म्हणाली, जार कसले उचलताय, खाली टँकवाले काका बसतात त्यांना विचार की. आयला, हे मला कसं सुचलं नाही?

काशीराम परब, चौऱ्याहत्तर वर्षांचे, मूळ वेंगुर्ल्याकडचे. बी विंगमध्ये मुलीकडे राहतात. बावीस वर्षं टँक रेजिमेंटमध्ये काढलीत. सगळी सोसायटी त्यांना टँकवाले काका म्हणते आणि सव्वीस जानेवारीला झेंडा त्यांच्याच हातून लागतो.

मी थेट मुद्द्यावर आलो. विचारलं, काका, लोडरला गोळा भरायला किती सेकंद लागतात? ते म्हणाले, तो जेवलाय की नाही त्याच्यावर आहे. माझ्या अंगावर काटा आला. जगातल्या एकाही टँकच्या गेममध्ये ही गोष्ट नाही.

सोमवार, १३ जानेवारी

रोज संध्याकाळी काकांबरोबर तासभर. माणूस नव्हे, खाण आहे. आजच्या नोंदी:

लोडरची उजव्या हाताची बोटं कायम ठेचलेली असतात. त्याला कपाचा कान धरवत नाही, म्हणून त्याला चहा वाटीत द्यायचा, दोन्ही तळव्यांत धरता येतो. गनरला तिखट कमी, नाहीतर घाम येतो आणि डोळ्यात उतरतो. ड्रायव्हर तोंडात घास ठेवून झोपतो, त्याला हलवायला लागतं. दुपारच्या डाळभातानंतर लोडरला पंधरा मिनिटं काही सांगू नये. कमांडर सगळ्यांच्या शेवटी येतो आणि चौघं खाली बसल्याशिवाय कोणाचा हात ताटाकडे जात नाही.

टँकच्या आत कसं वाटतं ते विचारलं. म्हणाले, गरम. तोफेचा आवाज कसा येतो विचारलं. म्हणाले, दोन किलोमीटरवरची भांडीपण हलतात. मी आतला आवाज विचारत होतो, ते अंतर सांगत होते. सैनिक माणूस अंतरातच विचार करतो, हे मी टिपून ठेवलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. काकांना तिळगूळ नेऊन दिला. एक लाडू फोडून बघितला आणि म्हणाले, पाक जरा पुढे गेलाय. दीप्तीला राग आला. मी तिला सांगितलं, सैनिकाची नजर अशीच असते.

शनिवार, १८ जानेवारी

गार्गीनं गेममध्ये भूक घातली, तूर्त फक्त चौघांच्या टँकांना. झकास झालंय. लोडर सकाळच्या चहानंतर पाच सेकंद, अकरा वाजता सात, साडेबाराला अकरा आणि चिडचिडा. जेवला की पंधरा मिनिटं चौदा, मग पुन्हा पाच. पाचव्या गोळ्यानंतर बोटं दुखतात. यंत्रालाही मी न्याय दिला, चकरी खरोखर फिरते, बावीस संपले की थांबते.

नंदकिशोर एकदम प्रेमात आलाय. म्हणाला, मुकुल, तुझ्या डोक्यातलं सगळं एका तक्त्यात उतरव. प्रत्येक आकडा, आणि तो कसा ठरवलास त्याचं कारणसुद्धा. उद्या तुला बरं नसलं तर आमचं अडू नये. मला बरं वाटलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणी मला कारण विचारलं. मी अकराशे ओळी लिहिल्या. जे कुठे बसलं नाही ते शेवटच्या पानावर घातलं, त्याला 'संकीर्ण' असं नाव दिलं.

तक्ता गार्गी थेट प्रोग्रॅमला जोडतेय. तिला मी प्रत्येक ओळ समजावून सांगतो. पोरगी हल्ली माझ्याकडे बघत नाही, मान खाली घालून ऐकते आणि रोज डब्यातलं काहीतरी मला काढून देते. आदर वाढलाय.

गुरुवार, २३ जानेवारी

दोनशे लोकांना चाचणीसाठी गेम दिला होता. निकाल विचित्र आहे.

लोक लढतच नाहीत. साडेबारा झाले की टँक झाडाखाली लावतात आणि चौघांना जेवताना बघतात. दोन शत्रूंचे टँक दोनशे मीटरवर समोरासमोर उभे, दोन्हीकडे पंगत, आणि कोणी गोळा टाकेना. एका खेळाडूला विचारलं तर म्हणाला, जेवणावर कसा टाकू यार? एकानं तक्रार केलीय की गनरला आज तिखट जास्त पडलं, दोन नेम चुकले. एका बाईनं लिहिलं की तिचा नवरा पूर्वी आठ तास खेळायचा, आता साडेबाराला आपणहून जेवायला उठतो.

बुर्ज९९नं मात्र कबुली दिली. यंत्राचे सेकंद अजून कच्चे आहेत म्हणाला, पण माणसं इतकी खरी त्यानं कुठे बघितली नाहीत. मी हे छापून टेबलावर लावलं. नंदकिशोरनं ते वाचलं आणि विचारलं, तक्ता पूर्ण झाला का?

सोमवार, २७ जानेवारी

काल झेंडावंदनानंतर काकांना एकतीस तारखेचं आमंत्रण दिलं. सिंगापूरवाल्यांसमोर खरा टँकवाला उभा केला की विषय संपला. काका मागे सरले. म्हणाले, माका कशाक, मी काय सांगतलंय थंय? मी म्हणालो, जे मला सांगितलंत तेच. शेवटी बरं म्हणाले.

घरी दीप्तीनं विचारलं, काका टँकात नक्की काय करायचे रे? मी म्हणालो, सगळंच माहिती आहे त्यांना, बघतेस ना. ती म्हणाली, ते नाही विचारलं मी. तिला सैन्यातलं काही कळत नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

घडलं तसं लिहितो.

काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, छातीवर दोन पदकं. मोठ्या पडद्यावर सिंगापूरच्या दोन बायका आणि एक पुरुष. खेळ उत्तम चालला. मग त्यांतल्या एकीनं विचारलं की हे गृहस्थ टँकमध्ये कुठल्या जागेवर बसायचे. गार्गीनं मराठीत सांगितलं. काका उठले, सावधानमध्ये उभे राहिले.

"मी टँकात कधी चढलंय नाय. मी लंगरचो कुक. बावीस वर्सां त्या चौघांका मी वाढलंय."

गार्गीनं जसंच्या तसं भाषांतर केलं. नंदकिशोर तिला पायानं खुणावत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. सिंगापूरवाले आपापसात बोलले, आभार मानले आणि पडदा काळा झाला.

जिन्यात मी काकांना धरलं. म्हणालो, तीन आठवडे तुम्ही मला बोलला नाहीत, माझी नोकरी आहे ही. खूप चिडलो होतो. काका शांतपणे म्हणाले, "सेकंद इचारलंस, वजन इचारलंस. मी काय करी होतंय, तां तू इचारूकच नाय."

काकांना रिक्षानं घरी आणलं. ते सारखं पदकं खिशात घालत होते आणि काढत होते. मला त्यांचा राग येत होता आणि माझी लाजही वाटत होती, दोन्ही एकदम.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सिंगापूरचं उत्तर आलं. गेम पसंत. जेवणं फारच पसंत, ती ठेवा. पण हातानं भरणारा लोडर काढा. कुठे पाच, कुठे चौदा, खेळाडू गोंधळतात. सगळ्या टँकांना यंत्र बसवा. आणि तुमची ती खरी चकरीही नको, तीही कधी लवकर येते कधी उशिरा. सरळ सात सेकंद ठेवा.

सात. माझ्या लिफ्टचे.

मी नंदकिशोरला म्हणालो की हे खोटं आहे, आपण महिनाभर मरमर केली ती याच्यासाठी का. तो म्हणाला, बस. मग त्यानं दार लावलं. सगळीकडे सातच असतील तर ठरवायला काही उरत नाही, हे तो तीन-चार तऱ्हांनी बोलला. बाकीचे आकडे तक्त्यात आहेतच, तक्ता गार्गीच्या प्रोग्रॅमला जोडलेला आहे, आणि तक्ता फार सुंदर झालाय. शुक्रवारपर्यंत ये, म्हणाला.

मूर्ख. मी. अकराशे ओळी, कारणांसकट. माझ्या हातानं माझं यंत्र बनवून दिलं आणि वर पोरीला आदर वाटतोय म्हणून खूश होतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. सुयोगनं मिठी मारली. गार्गी रडली, म्हणाली तक्ता कशासाठी मागितला ते तिला पहिल्यापासून माहीत होतं, सांगायची हिंमत झाली नाही. मी मोठेपणा करून चालतंय गं म्हणालो. चालत नव्हतं. आत फार दुखत होतं.

अंबादास जार घेऊन आला होता. मला पिशवीत चहाचा मग आणि छापलेला कागद भरताना बघून त्यानं पिशवी खालपर्यंत आणून दिली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळपासून नंदकिशोरचे अकरा फोन. एकही उचलला नाही. मग सुयोगनं सांगितलं. हसू का रडू कळेना.

काल चाचणीवाल्यांना नवा गेम गेला. लोडर काढलेला, सगळीकडे यंत्र, सात सेकंद. साडेबारापर्यंत दणादण युद्ध. साडेबारा वाजता तिन्ही माणसं खाली उतरली, ताटं घेऊन बसली, आणि बसूनच राहिली. जेवेनात. एक वाजला, दोन वाजले. जेवण होत नाही म्हणून ते टँकवर परत जाईनात. शत्रूचेही तसेच. अख्ख्या मैदानावर तीन-तीन माणसं ताटाकडे बघत बसलीत.

गार्गी बिचारी कालपासून शोधतेय. मला जागा माहीत आहे. चौघं बसल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, हे मी कुठे बसेना म्हणून संकीर्णमध्ये टाकलं होतं. तिथे चारचा एक आकडा आहे. संकीर्ण कोण उघडतं?

दीप्ती म्हणाली, आता त्यांना तुझी गरज आहे, घाईनं फोन उचलू नकोस. जागा परत मागून घे, मगच सांग. माझीही तीच इच्छा आहे. पाच दिवसांत पहिल्यांदा नीट जेवलो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

नंदकिशोरचा निरोप आला: परत ये, जुन्याच जागेवर, पण सिंगापूरला कळता कामा नये. पाठोपाठ सुयोगचा आला: सोमवारी सकाळपर्यंत सुटलं नाही तर सिंगापूरवाले गार्गीला काढायला सांगणार आहेत, चूक तिच्या प्रोग्रॅमची म्हणून.

दुपारी खाली गेलो. एकतीस तारखेनंतर काकांशी बोललोच नव्हतो. ते बाकावर सरकले, मी बसलो. सॉरी म्हणायचं होतं ते म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग मी मोबाईलवर सुयोगनं पाठवलेलं चित्र दाखवलं. टँकच्या सावलीत तिघं मांडी घालून बसलेले, ताटं पुढे, हात मांडीवर. काकांनी चष्मा पुसला आणि मोबाईल हातात घेतला. मला वाटलं हसतील.

"हे बरोबर असा," ते म्हणाले. "आमच्याकडे मशीनवाले टँक इले, तेव्हा ते तिघे पण असेच बसत. मी वाढून ठेवलेला थंड होय."

मी विचारलं, चौथा कुठे गेला?

"स्टोअरात. ब्लँकेटां मोजी."

"आणि हे तिघं? किती दिवस बसले असे?"

"धा-पंधरा दिवस." काकांनी मोबाईल मला परत दिला. "मगे काय? भूक लागता. जेवले."

मी तिथेच बसून गार्गीला फोन लावला. शनिवारीही ऑफिसातच होती, आवाज बसलेला. म्हणालो, संकीर्ण उघड. ओळ एक हजार ब्याण्णव. तिथे चार आहे ना, त्याचे तीन कर. तिनं ती ओळ शोधली. मग म्हणाली, हे सांगितलंस तर नंदकिशोर तुला परत घेणार नाही रे. म्हणालो, कर गं.

बटणाचा आवाज आला. गार्गी म्हणाली, जेवले, टँकवर चढले. मग फोनमध्ये पहिली तोफ वाजली, आणि मी न ठरवता मोजायला लागलो. सात सेकंदांनी दुसरी.